तीन रंगांचा बोका

रावेतच्या जुन्या शेतकरी घरात वर्षाली सून म्हणून आली, त्याला नऊ वर्षं होत आली होती. जमीन बिल्डरकडे गेली आणि तिथंच उभ्या राहिलेल्या इमारतीत घरच्यांना फ्लॅट मिळाले. वर्षाली ताथवड्याच्या एका क्लासमध्ये बारावीच्या मुलांना बायॉलॉजी शिकवायची. घरात खायला-ल्यायला कमी नव्हतं. मूल तेवढं नव्हतं, आणि त्याचा बोल तिच्या एकटीवर होता.

खरं काय ते नवराबायकोलाच ठाऊक. चार वर्षांपूर्वी ज्ञानेशची तपासणी झाली, तेव्हा त्याच्या पेशींत एक एक्स गुणसूत्र जास्तीचं निघालं. मुलाची आशा जवळपास नाही, असं डॉक्टर म्हणाले. गाडीत बसल्यावर ज्ञानेश रडला. घरी एवढ्यात सांगू नकोस, म्हणाला. तिला त्याची दया आली आणि तिनं शब्द दिला. तेव्हापासून सासूबाई, कौशल्याबाई, तिला या डॉक्टरकडून त्या वैदूकडं नेत होत्या. ज्ञानेश गाडी काढायचा आणि बाहेर थांबायचा.

उन्हाळ्यात पार्किंगमध्ये एक मांजर येऊ लागलं. पांढरं, अंगावर काळे आणि तांबूस ठिपके. तीन रंगांची म्हणजे भाटीच, मादीच, असं सगळ्यांनी धरलं. कौशल्याबाई तिला दूध घालायच्या. वर्ष होत आलं तरी पिल्लं काही होईनात.

"ही बी आमच्या सुनेवानीच निघाली," एकदा जेवताना त्या म्हणाल्या.

वर्षालीनं ते मांजर जवळून पाहिलं होतं. "तो बोका आहे, आई."

तीन रंगांचा बोका कुठं असतो का, असं त्यांनी विचारलं. मग वर्षाली वर्गात सांगायची तसंच सांगत गेली. काळा आणि तांबूस, दोन्हींचा मामला एक्सवर असतो. मादीला एक्स दोन, म्हणून तिच्या अंगावर दोन्ही रंग येऊ शकतात. बोक्याला एक्स एकच, म्हणून दोन्हींतला एकच रंग. हजारोंत एखाद्या बोक्याला एक एक्स जास्तीचा मिळतो, मग त्याच्यावरही दोन्ही उमटतात. पण त्याला पिल्लं होत नाहीत.

ज्ञानेशचा घास हातातच राहिला.

"मंग बोक्यातच खोट म्हनायची," कौशल्याबाई म्हणाल्या.

"खोट कसली? जन्मतःच तसा आहे. त्याचा काय दोष?"

एवढं बोलून ती थांबली. आता तरी तो तोंड उघडेल, असं तिला वाटलं. ज्ञानेश पाणी प्यायला आणि ताटावरून उठला.

खोलीत गेल्यावर तो हळूच म्हणाला, "तू शब्द दिलायस."

"मोडला का?" तिनं विचारलं.

मोडावा असं तिला रोज वाटे. पण मोडला तर भावकीत तो मान वर करू शकणार नाही, हेही ती जाणून होती. माहेरी निघून जावं, तर का आलीस याचं उत्तर तिथंही तेच द्यावं लागणार.

पुढच्या आठवड्यात कौशल्याबाईंनी चिंचवडची नवी डॉक्टरीण काढली. नवऱ्यालाही आत बोलवा, असा तिचा शिरस्ता होता. मिस्टरांच्या तपासण्या झाल्यात का, तिनं विचारलं.

"त्याला काय धाड भरलीय?" कौशल्याबाई म्हणाल्या.

डॉक्टरीण वर्षालीकडं बघत राहिली. ज्ञानेश मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता.

"राहिल्यात करायच्या," वर्षाली म्हणाली.

डॉक्टरणीनं त्याच्या नावानं चिठ्ठी लिहून दिली. त्यानं ती घडी करून खिशात घातली. मग नर्सनं हाक मारली, आणि वर्षाली तपासणीसाठी पुन्हा पडद्यामागं गेली.