भाकरी उभी करायला जागा

अगं ये, अशी जवळ बस. स्वयंपाकघरांचे नकाशे काढायची नोकरी लागली म्हणतेस, अन् चुलीपाशी कधी पाच मिनिटं बसली नाहीस? ऐक मग.

आपला जिल्हा नुकताच मुंबई राज्यात आला होता. मी ग्रामसेविका, नवी, अजून कायम न झालेली. मुक्काम जिंतूरला, काम बोरीला. वरून बिनधुराच्या चुलीचा नकाशा आला. तोंड लहान, सगळीकडून बंद, धूर जायला मागून धुराडं. बायांचे डोळे वाचावेत म्हणून. पहिली चूल मी गयाबाईकडे घातली. दोन दिवसांनी पाहते तर तोंडाची कड फुटलेली. लिंपली. पुन्हा फुटली.

माझा संशय तिच्या सासूवर. निजामाच्या काळात सक्तीची लेव्ही, म्हणजे घरचे दाणे सरकारला, भरलेली बाई. धुराड्याकडे बघून म्हणायची, "बाहीरून धूर मोजायचा, मंग दाणे न्यायला यायचं. समदं कळतंय आमाला." तिचा संशय माझ्यावर.

त्यात आमच्या ऑफिसातल्या साहेबांनी बजावलं, "गुरुवारी येतो. एक तरी चूल शाबूत दाखवा, नाहीतर तुमची कायम व्हायची ऑर्डर निघणार नाही."

एरवी मी दुपारच्या मोटारीने जायची, बाया मोकळ्या असतात म्हणून. सोमवारी चोर धरायला सकाळच्या मोटारीने गेले. म्हातारी परातीत भाकरी थापायली होती. अन् उलथनं घेऊन कड फोडायली होती खुद्द गयाबाई.

"हे काय गं?"

"भाकर कुठं उभी करू मंग, बाई? तुमच्या डोक्यावर?"

लय लाज वाटली. ज्वारीची भाकरी तव्यावरून काढली की चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांपुढे उभी करायची, तिथंच ती फुगते. माझी आई जन्मभर तेच करत आली. नकाशात ती जागाच नव्हती. अन् दुपारी मी पोचेपर्यंत भाकरी टोपल्यात गेलेल्या असायच्या.

पदर खोचला. तिघींनी मिळून तोंड रुंद केलं, पुढे निखारे ओढायला जागा काढली. थोडा धूर घरात यायचा, पण बराचसा धुराड्यातून जायचा.

गुरुवारी साहेबांनी नकाशा उघडला. "हे यात नाही," म्हणाले आणि टेप काढली.

"घ्या, मोजायला आलेच," म्हातारी म्हणाली.

गयाबाईने फुगलेली भाकरी त्यांच्या हातावर ठेवली. साहेबांनी चूल पाहिली, नकाशा पाहिला, टेप खिशात घातली अन् आणखी एक भाकरी मागितली. रिपोर्टात लिहिलं, 'स्थानिक फेरबदलासह मंजूर.' माझी ऑर्डर निघाली. म्हातारी मात्र शेवटपर्यंत, जीप दिसली की चूल विझवायची.

चूल कोण फोडतंय ते शोधण्याआधी तिच्यावर काय भाजतात ते बघावं, एवढंच.

गुंडाळ आता तुझा तो नकाशा. अन् लवकर ये परत. दुपारी नको, सकाळी ये, भाकरीच्या वेळेला.