पहिल्या पसंतीचा आकडा

आमचं उदगीरचं घर दुकानदाराचं. भाव बोलतो तेच खरं, बाकी नुसत्या गप्पा, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. त्यामुळे किनवटच्या शाळेत मी विज्ञानाचा शिक्षक म्हणून लागलो आणि चार-पाच वर्षांनी विधान परिषदेची शिक्षक मतदारसंघाची निवडणूक आली, तेव्हा मी उमेदवारांची पत्रकं वाचली नाहीत. सट्टाबाजारात कुणाचा काय भाव चाललाय तेवढं मोबाइलवर बघायचो आणि मधल्या सुट्टीत सगळ्यांना सांगायचो. ज्याचा भाव पैशांत, तो येणार. ज्याचा रुपयांत, तो पडणार. संस्थाचालकांच्या गोटातल्या उमेदवाराचा भाव रोज उतरत होता, म्हणजे तो निवडून आल्यात जमा होता. जळकोटकडच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांना बाजार विचारतही नव्हता. सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे. विनाअनुदानित शिक्षकांच्या पगारासाठी त्यांनी आयुष्यभर मोर्चे काढले होते.

"गुरुजी माणूस चांगलाय, पण मत वाया कशाला घालायचं?" मी म्हणालो. चार-पाच जणांनी होकारार्थी माना डोलावल्या. खरं तर त्यांनी गुरुजींना शब्द दिलेला होता.

कोपऱ्यात गणिताच्या मॅडम वह्या तपासत होत्या. त्यांचे वडील रेल्वेच्या गँगमध्ये रूळ सांभाळायचे. घराण्यात पहिली पदवी यांचीच. आवाज कधी चढायचा नाही. त्यांनी पेन ठेवलं.

"सर, हे भाव लावणाऱ्यांत शिक्षक किती?"

"कुणीच नसेल."

"मग आपलं मत त्यांना कसं कळलं?"

त्या उठल्या, खडू घेतला आणि शिक्षकांच्या खोलीतल्या सूचनाफळ्यावर आकडे मांडले. या निवडणुकीत एक, दोन, तीन असे पसंतीचे आकडे घालायचे असतात. पहिल्या पसंतीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत, तर ज्याला सगळ्यात कमी मतं, तो आधी बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीच्या उमेदवाराकडे जातात. "म्हणजे एक आकडा मनातल्या माणसाला घाला, दोन आकडा दुसऱ्याला. वाया काय जातंय यात?" वीस वर्षं शिकवणारी माणसं पोरांसारखी ऐकत होती. मला माझी लाज वाटली, आणि मॅडमचं कौतुकही.

पुढे कळलं, मॅडमचा स्वतःचा अंदाज होता. बोर्डाच्या उत्तरपत्रिकांच्या कामाला, प्रशिक्षणाला, रेल्वेत जो शिक्षक भेटेल त्याला त्या विचारायच्या, "तुमच्या शाळेत काय चाललंय?" तुम्ही कुणाला मत देणार, हे कधीच नाही. "स्वतःबद्दल माणूस लाजून खोटं बोलतो," त्या मला म्हणाल्या, "शेजाऱ्याबद्दल खरं सांगतो." हे सगळं एका पाठकोऱ्या वहीत तालुकावार लिहिलेलं होतं.

त्या वहीची बातमी बाजारपेठेतही गेली. एक दिवस सट्ट्यात पैसे लावणारे खताचे व्यापारी शेठ शाळेत आले, खुर्ची ओढून बसले.

"मॅडम, लई नाव ऐकून राहिलो तुमचं. नुसतं नाव सांगा, कोण येतंय. तुमचा वाटा घरपोच येईल."

"शेठ, लोकांनी मला विश्वासानं सांगितलंय. ते विकायचं न्हाई."

"यात विकणं कुठं आलं?"

"मग फुकट तरी कशाला सांगू?" त्या हसल्या. शेठ चहा न घेताच गेले.

मी मात्र न राहवून विचारलं, "गुरुजी येतील का?"

"न्हाई येणार. पण शेवटच्या दोघांत राहतील. समोरचा पहिल्या पसंतीवर निवडून येत न्हाई."

"आणि तुम्ही मत कुणाला देणार?"

"गुरुजींना."

"पडणार माहीत असून?"

"माझी माय मताला जाताना ठेवणीतलं लुगडं नेसायची, सर. कोण येणार हे तिला कुणी सांगत नव्हतं. तिनं विचारलंही न्हाई."

मतदानाला तहसीलमध्ये आम्ही सोबतच गेलो. आत मिळालेल्या जांभळ्या पेनानं मी गुरुजींसमोर एक आकडा घातला. घरच्या दुकानात हा सौदा कुणाला पटला नसता.

निकाल मॅडमनी सांगितला तसाच लागला. बाजारानं ज्याला पहिल्याच झटक्यात निवडून आणलं होतं, त्याला दुसऱ्या पसंतीसाठी फेरीमागून फेरी थांबावं लागलं. शेवटी तो थोडक्यात आला. शेवटपर्यंत त्याच्यासमोर गुरुजीच होते.

पंधरा दिवसांनी गुरुजी आभार मानायला रेल्वेनं किनवटला आले. साधा सदरा, खांद्याला पिशवी. आमच्या मुख्याध्यापकांनी मॅडमची ओळख करून दिली.

"तुम्हीच का त्या? फळ्यावर शिकवलं म्हणे."

"हाव. पण तुम्ही पडणार हे मला माहीत होतं, गुरुजी."

गुरुजी खदखदून हसले. "माझ्या माणसांनी मला हे एकदाही सांगितलं न्हाई. कुठं कमी पडलो, तेवढं सांगता का, बाई?"

मॅडमनी कपाटातून वही काढली. शेठला जी उघडून दाखवली नाही, ती गुरुजींसमोर टेबलावर ठेवली, आणि कुणाचंही नाव न घेता एकेक तालुका सांगायला लागल्या. गुरुजी चष्मा लावून, पिशवीतला कागद काढून, विद्यार्थ्यासारखे लिहून घेत होते. घंटा झाली. मॅडमचा दहावीवर तास होता. तो मी घेतला.