भरतीची वेळ

खाडी ओसरली की चिखलाचा वास घरात येतो आणि मला ठाण्यातला तो दवाखाना आठवतो. नव्वदनंतर कधीतरी तिथे विसराळू म्हाताऱ्यांची छापील परीक्षा घ्यायला लागले होते. माझ्या आयनं जन्मभर त्या चिखलात उतरून खेकडे धरलेले; तिला मी तिथे घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, आज तारीख काय?" आय नुसती हसली. बाईंनी कागदावर शून्य मांडलं आणि माझं डोकं फिरलं. असल्या कागदांनी आम्हाला अडाणी ठरवणारे मी खूप पाहिले होते. "तारीख तुमची, बाई! आमच्यात तिथी चालते. तिथी विचारा, भरती कधी ते बरोबर सांगेल. मग खोडा ते शून्य!" बाई चिडल्या नाहीत. "बरं. आजी, आज तिथी कोणती? भरती कधी?" आयनं खिडकीकडे पाहिलं, मग पदर बोटाला गुंडाळत माझ्याकडे. "तूच सांग ना रं, बाला," ती हळूच म्हणाली. बाईंनी काही लिहिलं नाही, पेन खाली ठेवलं. कागद शिकलेल्यांचा होता, एवढी सबब तोवर आयकडे होती. तीही मीच भांडून काढून घेतली. अजूनही कुणाशी हुज्जत घालून जिंकलो की बोटाला गुंडाळलेला तो पदर दिसतो.