रेडकाच्या अंगावरची शाल

काकूंच्या गोठ्यात रेडकाच्या अंगावर जी शाल होती, ती मी लगेच ओळखली. पंधरा ऑगस्टला शाळेच्या पटांगणात मीच ती त्यांच्या खांद्यावर घातली होती, वीरमाता म्हणून. त्यांचा दत्ता सीमेवर शहीद झाला त्याला आठ वर्षं झाली. तेव्हापासून या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन माझ्याकडेच असतं.

खरं सांगायचं तर आधी रागच आला. मग वाटलं, एवढ्या शालींचं त्या माउलीने करायचं तरी काय? टाळ्या संपल्या की आपण आपापल्या माणसांत जातो. त्या शाल घेऊन रिकाम्या घरात जातात.

त्या घरी मी वर्षातून दोनदाच जातो, निमंत्रणपत्रिका द्यायला. तीही उंबऱ्याबाहेरूनच देतो, चपला न काढता. कारण दत्ताला सैन्यभरतीला मीच ओढून नेलं होतं, मला सोबत हवी म्हणून. माझी छाती कमी भरली आणि तो निवडला गेला. भाषणात मात्र मी दरवर्षी म्हणतो, तो स्वतःहून धावून गेला. काकूंना खरं कधी सांगितलं नाही.

शालीवरची माझी नजर काकूंनी पाहिली.

"थंडीनं कुडकुडत हुतं रं ते. आता सव्वीस जानेवारीला शाल नको आणूस. रेडकू एकच हाय माझं. त्यापरीस घटकाभर बसायला येत जा."

मी चपला काढल्या. त्यांनी चहाचं आधण ठेवलं. ते उकळायच्या आत मी भरतीचं सगळं सांगून टाकलं.