म्रिकाच्या हातचं पाणी

आईच्या मूठमातीला पाश्कने छातीवर क्रूसाची खूण केली, तीही एवढीशी. अंगठा कपाळाला लागला, छातीवर आला आणि हात परत खिशात गेला. खड्ड्याभोवती सगळी घरचीच माणसं होती. तरी चौथ्या दिवशी सकाळी त्याला न्यायला पोलिसांची गाडी आली. सरकारने देवाला कायद्याने बंदी घातली, त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती.

चुगली कुणी केली, हे पाश्कच्या बायकोला, म्रिकाला, वेगळं सांगावं लागलं नाही. धाकटा दीर प्रेल दुसऱ्याच महिन्यात सहकारी शेतीवर मुकादम झाला. भिंतीला भिंत लागून घर, पण तो तिच्या नजरेला नजर देईना.

श्कोडर शहराच्या अलीकडचं ते गाव. तिथल्या चर्चचं आता तंबाखूचं गोदाम झालं होतं आणि म्रिका तिथेच पानं ओवायला जायची. जिथे तिचं लग्न लागलं होतं, तिथे गठ्ठे रचलेले. सुरुवातीला ती ओठ न हलवता माळेची प्रार्थना म्हणायची, एका पानाला एक. दोन वर्षांनी खाणीवरच्या तुरुंगातून पाश्कचा कोट आला आणि सोबत एक कागद. हृदय बंद पडून मेला, एवढंच त्यात होतं. प्रेत मागायला ती तीनदा शहरात गेली. तिसऱ्या खेपेला खिडकीतला माणूस म्हणाला, "बाई, सजा पुरी झाल्याशिवाय कैदी घरी जात नाही. त्याची आठ वर्षं राहिलीत अजून."

त्या दिवसापासून तिची प्रार्थना आटली. तिने सोडली असं नाही, शब्दच येईनात. गोदामात तिच्या शेजारी कुणी बसेना. एकदा ती द्रिन नदीच्या पुलावर जाऊन बराच वेळ उभी राहिली. परत का आली, ते तिला पुढे कधीच सांगता आलं नाही.

अशी दीड वर्षं गेली. मार्चमधल्या एका दुपारी प्रेलची बायको वितोरे परसदाराने आत आली. शालीत नऊ दिवसांचं पोर, ओठ निळे पडलेलं.

"जाऊबाई, डॉक्टर म्हणतात, आजचा दिवसही काढायचा नाही."

म्रिका पोराकडे न बघता चुलीत लाकूड सारत राहिली.

"त्याला असं जाऊ देऊ नका. बाप्तिस्म्यावाचून."

"पाद्री कुठून आणू? तुरुंगातून?"

"तुम्हीच द्या ना. जीव जात असला तर कुणीही द्यावा, सासूबाई सांगायच्या."

"नवऱ्याने पाठवलंय वाटतं. भावाला पकडून दिलं, आता भावजय राहिलीय."

वितोरे रडली नाही. म्हणाली, "ते बाहेर उभे आहेत. कुणी येतंय का बघत."

म्रिकाने खिडकीतून पाहिलं. कुंपणाशी प्रेल पाठमोरा उभा होता, टोपी हातात. एक आरोळी ठोकली असती तर गाव गोळा झालं असतं आणि त्याची मुकादमी, घर, सगळं गेलं असतं. आरोळी अगदी तोंडाशी आली होती. तेवढ्यात पोर कण्हलं, मांजराच्या पिलासारखं.

तिने पेल्यातलं पाणी तळहातावर घेतलं. फार गार होतं, म्हणून तसंच जरा धरून ठेवलं.

"नाव काय ठेवायचं?"

"पाश्क," वितोरे खाली बघत म्हणाली. "त्यांनीच सांगितलंय."

म्रिकाचा हात थांबला. कागद आला त्या दिवशीही तिला एवढा संताप आला नव्हता. त्या संतापातच तिने पोराच्या कपाळावर पाणी घातलं.

"पाश्क, मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते."

आपल्याच तोंडून ते शब्द ऐकले आणि तिला हुंदका फुटला. वितोरेने तिला धरलं.

पोर दिवेलागणीआधी गेलं. प्रेलने माफी मागितली नाही, म्रिकाने दिली नाही. पण तो कुठे बोललाही नाही. बायकांमध्ये मात्र कर्णोपकर्णी झालं. वर्षभरात एकेक जण परसदाराने येऊ लागली, धडधाकट, रडकी पोरं घेऊन. दर वेळी म्रिकाला भीतीने घाम फुटायचा आणि दर वेळी ती पाणी घ्यायची.

पाश्कची हाडं कधीच मिळाली नाहीत. देवाशी ती पुन्हा बोलू लागली होती. बहुतेकदा भांडायचीच, पण रोज.