जोतीरामच्या नावावरचं पार्सल

उंब्रजच्या औषध दुकानाच्या माडीवर बसून मुजीब तांबोळी मालकाच्या तीन दुकानांची पार्सलं हलवायचा. उंब्रज, रहिमतपूर, वडूज. कुठलं पार्सल कोण पोचवणार, ते सकाळी ग्रुपवर नावानिशी लिहायचं; ज्याचं नाव, त्याच्याच फोनवरून 'पोचलं' यायला हवं. तोवर मुजीब 'कुठवर आलास?' विचारून गाडीवाल्यांचा जीव खायचा. त्याला कुठवरसाहेबच म्हणायचे सगळे.

चैत्रात वडूजचा जोतीराम गेला. पलटणीतनं आलेला गडी, 'पोचलं'पुढं 'जयहिंद' लिहायचा. वडूजात इंजेक्शन संपलेलं, म्हणून मुजीबनं त्याला रहिमतपूरला पिटाळलं, वर तीनदा फोन केला. तिसरा जोतीरामनं चालत्या गाडीवर उचलला. "कुठवर..." एवढंच मुजीब बोलला आणि टँकरचा हॉर्न ऐकू आला. मुजीब त्याच्या मातीला गेला तेव्हा या फोनबद्दल तो कुणाशी बोलला नाही. पुढं राहूनच गेलं.

श्रावणात एका सकाळी सवयीनं हात चालला आणि त्यानं लिहिलं, 'तानुबाईंच्या शुगरच्या गोळ्या, वडूज, जोतीराम.' चूक जेवताना ध्यानात आली. पुसायला ग्रुप उघडला, तर खाली जोतीरामचं उत्तर होतं. 'पोचलं. जयहिंद.'

तो ताटावरून उठला. त्यानं वडूजच्या दुकानातल्या ऋषिराजला फोनवर गाठलं.

"पार्सल कुणी नेलं रं?"

"अंजनावैनींनी. तुमीच नाव टाकलं, मला वाटलं नवऱ्याच्या जागी त्यांस्नी घेतलं. मी कळवलं, त्या आल्या स्कूटरवर. का वो, भूत बघितलं काय?"

म्हणजे जोतीरामचा फोन अंजनाकडं होता. आणि फोनात ते तिन्ही कॉल.

तिला फोन लावायची छाती होईना, म्हणून कुठवरसाहेब एसटीनं वडूजला गेले. अंजनानं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"मुजीबभाऊ, त्यांचं नाव काढू नगा ग्रुपातनं. रोज टाका. पोचवते मी."

"वैनी, त्या दिवशी मी..."

"ठावं हाय. सात सेकंदांचा हाय त्यो फोन." तिनं तांब्या त्याच्या आणखी जवळ सरकवला. "एकच करा. मी गाडीवर असताना इचारू नगा."

आता मुजीब रोज सकाळी गेलेल्या माणसाचं नाव लिहितो. मग 'पोचलं' येईस्तोवर फोन टेबलावर पालथा आणि दोन्ही हात मांडीखाली.