पेन्सिलीने लिहिलेला अर्थ

बुधवार पेठेतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत आप्पासाहेब ग्रीक-मराठी शब्दकोश करत आणि त्यांची कार्डं आनंदीबाई लिहीत. बाई एक्क्याण्णव साली आल्या त्या कारकुनी करायला. ऐकून ऐकून ग्रीक शिकल्या. नियम एकच. एखाद्या अर्थाला जुन्या ग्रंथांतली तीन वाक्यं सापडली तर तो शाईने, नाहीतर पेन्सिलीने. तिथे आप्पासाहेब सख्ख्या बापाचीही गय करत नसत.

एकदा 'प्राउस' हे विशेषण आलं. स्त्रीलिंगी प्राएइया, नपुंसकलिंगी प्राउ. आपल्या चांगला-चांगली-चांगलं यासारखंच लिंगाप्रमाणे बदलणारं. अर्थ, सौम्य. शाईने लिहून झाला.

आनंदीबाई म्हणाल्या, "लगाम मानणाऱ्या घोड्यालाही हाच शब्द आलाय. तो काही दुबळा नसतो. 'जोर असून आवरलेला' असंही हवं."

ऐन तिशीत नवरा गेल्यावर दिराजावांच्या घरात तोंड आवरून त्यांनी वीस वर्षं काढली होती. हा अर्थ त्यांना कुणी शिकवायला नको होता.

"वाक्यं किती?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"दोन."

"मग पेन्सिलीने. आणि पुढे तुमचं नाव घाला."

चाळीस हजार कार्डांत त्यांचं नाव तेवढ्या एकाच ठिकाणी आलं.

पुढे आप्पासाहेब गेले. दोन हजार चार साली प्रकाशकाने कोश कॉम्प्युटरवर चढवायला कर्वेनगरच्या एका कंपनीला दिला. तिथली ऋचा म्हणाली, "काकू, स्कॅनिंगमध्ये पेन्सिल उमटतच नाहीये. पेन्सिलीतलं सगळं सोडायचं ठरलंय. काही ठेवायचं असेल तर आजच त्यावर पेन फिरवा, संध्याकाळी फाइल जाणार."

आनंदीबाईंनी ते कार्ड शोधून काढलं. पेन उघडलं. जाब विचारणारा आता कुणी उरला नव्हता. आपलं नाव छापून यावं असं फार वाटत होतं, आणि का वाटू नये? बारा वर्षं बोटं झिजवली होती. पण वाक्यं दोनच होती. त्यांनी पेन मिटलं. डोळे भरून आले, ते पदराने पुसले.

"यात काही घ्यायचं नाही?" ऋचाने विचारलं.

"नाही. हे कार्ड तेवढं मी घरी नेते."

कोश छापून आला, देखणा आला. 'प्राउस : सौम्य.' आनंदीबाईंनी तो एकदा चाळला आणि कपाटात ठेवला. मग आप्पासाहेबांचा जाडजूड ग्रीक ग्रंथ काढला, कार्ड शेजारी ठेवलं आणि चौसष्टाव्या वर्षी पहिल्या पानापासून तिसरं वाक्य शोधायला बसल्या.